किटली स्वच्छ होती

सुलक्षणा निगडे जिना चढायला लागली की पायांच्या आवाजावरूनच आम्हाला कळायचं, आज कोणाची तरी खरडपट्टी निघणार. भोरमधल्या आमच्या दूध संस्थेच्या कचेरीत मी आवक-जावकच्या टेबलावर होते आणि माझं टेबल जिन्याच्या तोंडाशी होतं. त्यामुळे तिचा राग सगळ्यांत आधी माझ्यासमोरून जायचा. "सुहासिनीकाकू, साहेब आत आहेत ना?" एवढंच ती विचारायची. आवाज चढलेला नसायचा. पण आत बसलेले साहेब तेवढं ऐकून चष्मा लावायचे आणि समोरचा कुठलातरी कागद वाचायला घ्यायचे.

ती मार्गासनीची लेक आणि वरवे बुद्रुकची सून. माहेरी भाताची जमीन आणि दोन म्हशी. शाळेला असताना ती वडापच्या जीपने नसरापूरला जायची. जीपवाला मोठ्या माणसांना आत बसवायचा आणि पोरींना मागच्या फळीवर उभं करायचा. एकदा वळणावर एक मुलगी खाली पडली, तिचं कोपर फुटलं. जीपवाला उलट तिलाच म्हणाला, "नीट धरता येत न्हाई व्हय?" सुलक्षणाने पुढे जाऊन जीपची किल्ली काढली आणि ती मुठीत घेऊन चालत शाळेत गेली. जीप दुपारपर्यंत रस्त्यात उभी. संध्याकाळी जीपवाला तिच्या दारात भांडायला आला, तेव्हा तिचे वडील गेनबा म्हणाले, "किल्ली देतो. पर उद्यापासनं पोरी आत बसतील." दुसऱ्या दिवसापासून पोरी आत बसल्या. ही गोष्ट मला तिने सांगितली नाही. तिच्याच गावच्या कुमारने सांगितली. हा कुमार मार्गासनीला आमच्या संस्थेचं दूध थंड करायचं केंद्र सांभाळतो.

सुलक्षणा संस्थेत लागली तीही त्याच केंद्रावर, पावत्या लिहायला. पुढे संस्थेने भोरची कचेरी, मार्गासनीचं केंद्र आणि भाटघरची डेअरी अशा तिन्ही ठिकाणी कॉम्प्युटर घेतले. ठेकेदाराने खिडकीतून खिडकीत वायरी लोंबत्या टाकल्या. पहिल्याच वर्षी उंदरांनी निम्म्या कुरतडल्या. संगणकाचा कोर्स झालेली ती एकटीच होती. तिने साहेबांच्या मागे लागून लोखंडी पाइप आणवले आणि सलवार-कमीजवर टॉवेल गुंडाळून, शिडीवर चढून स्वतः सगळ्या वायरी नव्याने ओढल्या. भाटघरला तर पत्र्यावर बसून. त्या दिवशी तिच्या तळहाताची कातडी सोलली होती, ते मी पाहिलंय. तेव्हापासून तिन्ही ठिकाणचं नेटवर्क तिच्याकडे. हुद्दा मात्र संगणक सहायक.

रघुवीरसाहेब आमचे व्यवस्थापक. माणूस वाईट नव्हता. पण त्यांना भांडण सोसायचं नाही, म्हणून जो सगळ्यांत शेवटी बोलून जाईल त्याचं ते ऐकायचे. त्या एप्रिलमध्ये संस्थेने दुधाच्या पावत्यांसाठी नवा प्रोग्रॅम घेतला. तो चालायचा तर तिन्ही ठिकाणच्या कॉम्प्युटरचे नंबर बदलायला हवे होते. आयपी अॅड्रेस म्हणतात तो हा नंबर. घराला घरक्रमांक असतो तसा प्रत्येक कॉम्प्युटरला असतो, आणि त्यावरून एक यंत्र दुसऱ्याला शोधतं. हे काम करायला साहेबांनी पुण्याहून मंदार नावाचा इंजिनिअर बोलावला. तो रविवारी आला, दिवसभरात सगळे नंबर बदलून, चहा पिऊन गेला. सुलक्षणा त्या वेळी वरव्याला घराच्या गच्चीवर कुरडया घालत होती. तिला कोणी फोनसुद्धा केला नाही.

सोमवारी सकाळी तिने कॉम्प्युटर लावला आणि पाहत राहिली.

"काकू, माझ्या मशीनला कोणी हात लावला?"

मी सांगितलं, काल पुण्याचे कोणी आले होते म्हणून. ती उठली आणि सरळ आत गेली. दार उघडंच होतं.

"साहेब, नंबर बदलायचे होते तर मला सांगायचं होतं."

"सुलक्षणाताई, सुट्टीचा दिवस. तुम्हाला कशाला उगाच त्रास..."

"त्रास आता होणार आहे. बाहेर बघा जरा."

बाहेर खरोखर कठीण होतं. एक पावती काढायची तर पडद्यावर गोल गोल फिरणारं चक्र यायचं आणि चहा निम्मा संपेपर्यंत फिरत राहायचं. मग पावती यायची. दुसऱ्या पावतीला पुन्हा चक्र. लेखा विभागातला धनाजी कंटाळून खिडकीशी जाऊन उभा राहिला. तेवढ्यात मार्गासनीहून कुमारचा फोन आला. "ताई, हितं रांग फाट्यापत्तूर गेलीय. पावती निघाल्याशिवाय दूध टाकीत वतायचं न्हाई म्हनून साहेबांचा हुकूम हाय. मानसं ऊनात हायत, किटल्याबी ऊनात."

"मग हाताने लिही पावती."

"साहेबांनी हातपावती बंद केलीया, ताई. नव्या प्रोग्रॅमात चालत न्हाई."

सुलक्षणाने साहेबांना तसंच सांगितलं. साहेबांनी मंदारला फोन लावला आणि तो स्पीकरवर टाकला. आम्ही सगळे कान देऊन होतो. मंदारचा आवाज शांत, शिकलेला. "सर, माझ्याकडून सगळं ओके आहे. मी प्रत्येक मशीनला पिंग करून बघितलंय, सगळीकडून उत्तर येतंय. तुमच्याकडचं केबलिंग जुनं आहे. लोकल कोणाकडून तरी करून घेतलेलं दिसतंय. तिथेच प्रॉब्लेम असणार."

साहेबांनी फोन ठेवला आणि सुलक्षणाकडे पाहिलं. मीही पाहिलं. तिचा चेहरा लालबिल झाला नव्हता, उलट पांढरा पडला होता. 'लोकल कोणीतरी' म्हणजे तीच.

तिने बॅग उचलली, तपासायचं यंत्र काढलं आणि तळमजल्यापासून एकेक वायर तपासायला घेतली. जेवली नाही. टेबलं सरकवताना अशी ढकलायची की माझ्या पेल्यातलं पाणी सांडलं. एकेका वायरीचं टोक काढायचं, यंत्राला लावायचं, दिवे बघायचे, परत बसवायचं. सगळे दिवे हिरवे. वायरीत कुठेही दोष नव्हता. दुसऱ्या कोणाला याचं समाधान वाटलं असतं. तिचा राग आणखी वाढला, कारण वायर निर्दोष आहे हे आता तिला कळलं होतं आणि ते ऐकायला कोणी तयार नव्हतं. साहेब म्हणाले, "एकदा नवीन केबल टाकूनच बघू या का?" ती म्हणाली, "टाका. माझ्या गळ्याभोवतीच टाका."

मंगळवारी तिच्या रागाने नको त्याला गाठलं. सकाळीच कुमारचा पुन्हा फोन आला होता. सोमवारी रांगेत मागे राहिलेल्या सात-आठ जणांचं दूध उन्हाने नासलं, उकळून बघितलं तर फाटलं, म्हणून परत पाठवलं. त्यात अंबूबाई होती. केंद्र निघालं त्या दिवसापासून दूध घालणारी, सुलक्षणाच्या आईच्या जोडीची बाई. कुमार म्हणाला, "मावशी घरी गेल्या न्हाईत लवकर. किटली घिऊन झाडाखाली बसल्या हुत्या."

फोन ठेवून सुलक्षणा वळली, तर धनाजी मोबाईलवर क्रिकेट बघत होता. कचेरीच्या वायफायवर.

"तिकडं माणसांचं दूध नासतंय आणि तुम्ही हितं मॅच बघताय?" ती एवढ्या मोठ्याने ओरडली की खालचा चहावाला जिन्यात येऊन थांबला. "सगळं नेट तुमच्यासारख्यांनी खाल्लंय. आणि शिव्या मी खायच्या!"

धनाजी सरळ माणूस. पन्नाशीचा, दोन शब्द बोलायचे तिथे एक बोलणारा. तो म्हणाला, "ताई, कालपासून काम चालेना म्हणून आत्ता..." ती ऐकायला थांबली नाही. तिने त्याच्या हातातला मोबाईल काढून टेबलावर उपडा ठेवला आणि सगळ्यांचं वायफाय बंद केलं. आणि चक्र तसंच फिरत राहिलं. वायफाय बंद करून काडीचा फरक पडला नाही. धनाजीने टेबल आवरलं, अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि जिना उतरून गेला.

बुधवारी ती भोरला न येता वरव्याहून परस्पर मार्गासनीला गेली. तिचा नवरा अमृत जवळच्या कारखान्यात कामाला आहे; त्याने तिला मोटरसायकलवर सोडलं. वाटेत तो एवढंच म्हणाला होता, "तिथं जाऊन पयलं बघ. मग वरड." हे तिने मला नंतर सांगितलं, हसत नाही, चिडूनच.

केंद्रावर रांग होतीच. अंबूबाई रांगेत नव्हती. कट्ट्यावर बसली होती, हात रिकामे. सुलक्षणाला पाहून ती उठली नाही.

"मावशी, दूध न्हाई आणलं?"

"कशाला आणू? माजी किटली घाण हाय म्हनं."

"कोण म्हनलं?"

"तुमचा मोबाईल म्हनला. सुनंच्या मोबाईलवर आलं. सुनंनं वाचलं, शेजारनीनं वाचलं, गावानं वाचलं. म्या राखंनं घासते किटली, मग ऊनऊन पान्यानं. तुझी आई न्यायची माझ्याकडनं लोणी, ती काय घाण किटलीतलं न्यायची?"

सुलक्षणा आत गेली. कुमार मान खाली घालून पावती निघायची वाट बघत होता. तिने विचारलं, "मावशीच्या नावापुढं काय टाकलंस?"

कुमारने तिला पडद्यावर दाखवलं. दूध परत करायचं तर नवा प्रोग्रॅम कारण विचारतो आणि त्यासाठी तीनच कारणं देतो: पाणी मिसळलेले, उशिरा आणले, किटली अस्वच्छ. त्यातलं एक निवडल्याशिवाय पुढे जाऊच देत नाही. निवडलं की दूध घालणाऱ्याला आपोआप संदेश जातो.

"मावशी तर येळेवर आल्या हुत्या," कुमार म्हणाला. "उशिरा कसं टाकू? पानी मिसळलं कसं टाकू? राह्यलं ते टाकलं. आपल्या चुकीला रकानाच न्हाई, ताई, म्या काय करू?"

ती खुर्ची ओढून कॉम्प्युटरपुढे बसली. तिने मला सांगितलं ते असं, की त्या क्षणी तिला सगळं उचलून बाहेरच्या हौदात टाकावंसं वाटलं होतं. पण बाहेर माणसं उभी होती, म्हणून ती बसली आणि पहिल्यांदाच चक्राकडे नीट बघितलं.

एक पावती. चक्र, मग पावती. दुसरी. पुन्हा तेवढाच वेळ चक्र. तिसरीलाही तेवढाच. रस्ता खराब असेल तर गाडी कधी लवकर येते, कधी उशिरा. इथे दर वेळी मोजून मापून एकसारखाच उशीर होत होता, आणि तो संपला की पुढचं सगळं झटक्यात व्हायचं. तिने भोरच्या सर्व्हरवरची, म्हणजे कचेरीतल्या मुख्य कॉम्प्युटरवरची, एक मोठी फाइल ओढून बघितली, नंबर टाकून. फाइल पटकन आली. म्हणजे रस्ता मोकळा होता. मग तिने तोच सर्व्हर नंबराऐवजी नावाने उघडला. पुन्हा चक्र.

मग तिच्या लक्षात आलं. कॉम्प्युटरला नुसतं नाव सांगून भागत नाही. त्या नावाचा नंबर कोणता हे त्याला आधी कोणाला तरी विचारावं लागतं. कोणाला विचारायचं, ते सेटिंगमध्ये दोन ओळींत लिहिलेलं असतं. पहिल्या ओळीतल्याने उत्तर दिलं नाही, तर काही वेळ थांबून दुसऱ्या ओळीतल्याला विचारायचं. तिने सेटिंग उघडलं. दुसऱ्या ओळीत भोरच्या सर्व्हरचा नवा नंबर होता. पहिल्या ओळीत भलताच. तिने पहिल्या नंबराला पिंग करून, म्हणजे हाक मारून बघितलं, तर उत्तर आलं. तिथे कोणीतरी होतं. पण ते नावं सांगणारं यंत्र नव्हतं. तिने तो नंबर ब्राउझरमध्ये टाकला, आणि पडद्यावर आमच्या कचेरीतल्या कॅमेऱ्यांचं पान उघडलं.

तिन्ही ठिकाणचा प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक पावतीला, आधी कॅमेऱ्याच्या डब्याला विचारत होता. डबा गप्प बसत होता. आणि तोवर बाहेर दूध तापत होतं.

तिने पहिली ओळ काढून टाकली. पावती निघाली, लगेच. कुमार खुर्चीतून उठून उभाच राहिला. रांग हलायला लागली. मात्र थोड्या वेळाने वीज गेली, आली, कॉम्प्युटर पुन्हा सुरू झाला आणि चक्र परत आलं. ती ओळ पुन्हा जागच्या जागी! सुलक्षणाने टेबलावर अशी मूठ मारली की शिक्क्याची डबी खाली पडली. केंद्रावरचा राउटर कॉम्प्युटर सुरू होताना त्याला ही सेटिंग आपणहून देतो, आणि चूक राउटरमध्येच भरलेली होती. तिने राउटरमधला नंबर दुरुस्त केला, मेन स्विच स्वतःच्या हाताने बंद करून परत लावला. या वेळी चक्र आलं नाही.

तिथूनच तिने मंदारला फोन लावला. दोन दिवस साठवलेलं सगळं तिला त्याला ऐकवायचं होतं. पहिल्या ओळीत कॅमेऱ्याचा नंबर कसा, एवढंच आधी विचारलं.

"ताई, तो नंबर मी सर्व्हरसाठी ठरवला होता. शनिवारी संध्याकाळी साहेबांचा फोन आला, की त्या नंबरवर अध्यक्षांना मोबाईलमध्ये कॅमेरे दिसतात, तो बदलू नका, सर्व्हरला दुसरा द्या. मी दुसऱ्या ओळीत नवा नंबर टाकला. पहिली ओळ काढायची राहिली."

"राहिली?"

"राहिली. एका मशीनवर एक पावती काढून बघितली, निघाली, म्हणून निघालो. चूक माझी आहे."

इतकं सरळ उत्तर आल्यावर भांडायचं कोणाशी? तरी ती म्हणाली, "आणि लोकल कोणीतरी? केबल खराब?"

"केबल मी बघितलीच नव्हती, ताई."

"न बघता बोललात?"

"हो."

तिने फोन कट केला. बाहेर आली तेव्हा अंबूबाई कट्ट्यावरून उठून गेली होती.

दुपारी ती भोरला आली. भोरच्या राउटरची सेटिंग दुरुस्त केली, भाटघरचीही तिथूनच. कचेरीत पावत्या झरझर निघायला लागल्या, कोणीतरी टाळ्यासुद्धा वाजवल्या. तिने तिकडे वळूनही बघितलं नाही. धनाजी जिन्यातून वर येत होता. ती दोन पायऱ्या खाली उतरली आणि हळू आवाजात म्हणाली, "धनाजीभाऊ, काल जास्त बोलले. चूक नेटची नव्हती, तुमचीही नव्हती."

मी जिन्याच्या तोंडाशीच बसलेली, त्यामुळे सगळं ऐकू आलं. धनाजी कठड्याला धरून उभा राहिला. त्याच्या आवाजात मी तोवर कधी राग ऐकला नव्हता.

"ओरडलात वर, सगळ्यांपुढं. आणि हे जिन्यात?"

मला वाटलं, आता ही भडकणार. भडकलीही असेल, पण कोणावर ते तिचं तिलाच ठाऊक. ती वर आली, कचेरीच्या मधोमध उभी राहिली आणि म्हणाली, "ऐका सगळ्यांनी. काल मी धनाजीभाऊंना जे बोलले ते खोटं होतं. त्यांच्या मोबाईलने नेट अडलं नव्हतं. मी न बघता बोलले." चहावालाही होता. धनाजी आपल्या टेबलाशी गेला, खुर्ची पुसली आणि बसला. एवढंच.

ती तशीच साहेबांच्या खोलीत शिरली. दार लावलं नाही.

"साहेब, दोष सापडला. दुरुस्त झाला."

"वा, छान झालं. मंदारनी सांगितलं मला. आता सगळं सुरळीत..."

"सुरळीत न्हाई. ज्या लोकांचं दूध आपल्यामुळे नासलं, त्यांना तुमची किटली घाण म्हणून संदेश गेलाय. उद्या तुम्ही मार्गासनीला यायचं आणि सगळ्यांसमोर सांगायचं, किटल्या स्वच्छ होत्या."

साहेबांनी चष्मा काढला. "अहो, आपण एक संदेश पाठवू ना. तांत्रिक कारणास्तव गैरसोय झाली, दिलगीर आहोत. संस्थेच्या दृष्टीने असं उघडपणे..."

"अंबूबाईला वाचता येत न्हाई. घाण म्हटलेलं तिला दुसऱ्यांनी वाचून दाखवलं. स्वच्छ म्हटलेलं तुम्ही तोंडानं सांगा."

"सुलक्षणाताई, ही पद्धत झाली का?"

"मी आत्ता बाहेर काय केलं, ते ऐकलंत ना? मला गोड वाटलं असेल? तुम्हीबी करा." रागात तिचं गावाकडचं बोलणं वर यायचं, आणि त्या दिवशी तिने ते दाबलं नाही. "शनिवारी अध्यक्षांच्या मोबाईलसाठी तुमी नंबर फिरवला आणि मला इचारलं न्हाई. इचारलं असतं तर म्या तेवढ्या वेळात सांगितलं असतं. तुमी येनार नसाल तर म्या एकटी जाते आणि सगळं सांगते. शनिवारपासनंचं."

साहेबांनी चष्मा परत लावला. मग त्यांनी मला हाक मारली, "सुहासिनीबाई, उद्या सकाळी जीप सांगा. तुम्हीही चला." मी का, ते मला कळलं नाही. कदाचित तिच्याबरोबर एकट्याने जीपमध्ये बसायची त्यांची तयारी नसावी.

आम्ही पोचलो तेव्हा केंद्रासमोर माणसं होती. सोमवारी ज्यांचं दूध परत गेलं त्या सगळ्यांना कुमारने निरोप देऊन बोलावलं होतं. अंबूबाई रिकाम्या हातानेच आली होती, पदर खोचून. साहेब पायरीवर उभे राहिले, घसा साफ केला. "दूध उत्पादक बंधू-भगिनींनो, गेल्या सोमवारी काही तांत्रिक अडचणीमुळे आपली जी गैरसोय झाली..."

"मंजी काय झालं?" अंबूबाई मधेच म्हणाली.

"म्हणजे कॉम्प्युटरचे नंबर बदलताना जरा..."

"त्ये नंबराचं तुमचं तुमी बघा. माजी किटली स्वच्छ हुती का न्हाई?"

साहेबांनी सुलक्षणाकडे पाहिलं. ती त्यांच्याकडे बघत नव्हती; ती अंबूबाईच्या शेजारी, खाली, लोकांत उभी होती.

"होती," साहेब म्हणाले.

"आयकू न्हाई आलं."

"स्वच्छ होती. चूक आमच्या कचेरीची होती."

मग मागून एक गडी म्हणाला, "आन माजी?" साहेब म्हणाले, "तुमचीही." "नाव घिऊन सांगा की." कुमार एकेकाचं नाव सांगत गेला आणि साहेब प्रत्येकाला, त्याच्या तोंडाकडे बघून, स्वच्छ होती म्हणत गेले. सुरुवातीला त्यांचा आवाज कोरडा होता. शेवटी शेवटी त्यांनी हात जोडलेले होते, आणि ते दाखवण्यासाठी जोडलेले वाटले नाहीत. कोणी हसलं नाही, कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. जो तो आपलं नाव झालं की बाजूला सरकत होता.

सुलक्षणा अंबूबाईला म्हणाली, "मावशी, उद्यापासनं आणा दूध."

"बगू," अंबूबाई म्हणाली. "दोन दिस घरात लोनी काढलंय. नातवंडं खाऊंदेत जरा. माजाबी राग जाऊंदे." आणि ती रस्त्याला लागली. ती पुन्हा दूध घालायला आली ती पुढच्या आठवड्यात, आणि आली तेव्हा किटली उघडून आधी कुमारच्या नाकापाशी धरली, असं कुमार सांगतो.

परतताना जीपने नसरापूर ओलांडलं. पुढे बसलेल्या साहेबांनी अखेर मागे वळून विचारलं, "काय सुलक्षणाताई, झालं ना आता समाधान?"

"नाही," ती म्हणाली. "प्रोग्रॅममध्ये आपल्या चुकीचा रकाना घालायला सांगा. हातपावती परत सुरू करा, यंत्र अडलं तर माणसाने उन्हात का थांबायचं? आणि माझ्या नेटवर्कला मला न विचारता कोणी हात लावला तर मी तिन्ही ठिकाणच्या किल्ल्या तुमच्या टेबलावर ठेवून घरी जाईन."

"बरं," साहेब म्हणाले.

हातपावती दुसऱ्या दिवशीच सुरू झाली. रकान्यासाठी तिला प्रोग्रॅमवाल्यांशी गणपती येईपर्यंत भांडावं लागलं. धनाजी तिच्याशी पुन्हा बोलायला लागला, पण कामापुरतंच. त्याबद्दल तिने कधी तक्रार केली नाही. साहेब मात्र आता कचेरीत साधा पंखा बदलायचा असला तरी तिला विचारून घेतात. याचाही तिला राग येतो. "मला विजेचं काय विचारतात, काकू?" असं म्हणत ती माझ्या टेबलावर बॅग आपटते, आणि जाऊन पंखा बघते.